पायाखालचे पत्र

एका पत्राला आठ महिने उत्तर गेले नाही. मित्रांनो, ते आठही महिने ते पत्र घडी होऊन माझ्याच पायाखाली पडले होते, म्हणून ही हकिगत मला सांगावी लागते. नीट जमेल की नाही, कोण जाणे.

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. तुरुंगातल्या सुतारशाळेत बजरंगने मला घडवले. भाऊबंदावर कुऱ्हाड उगारल्याची शिक्षा तो भोगत होता. माझ्या फळीखाली त्याने बेलाचे पान कोरले. कैद्यांनी केलेले सामान सरकारी कचेऱ्यांत जाते. मी नेमकी त्याच्याच गावच्या पंचायतीत आले.

"लई दणकट माल हाय," सरपंच भगवानराव मला थोपटून म्हणायचे. मग माझ्या मागच्या दोन पायांवर रेलून गावाला अक्कल शिकवायचे. त्या ऐटीने माझा एक पाय झिजला आणि मी डुगडुगू लागले.

पुढे बजरंग सुटला. बीडला एका गॅरेजच्या पडवीत तो रात्री काढायचा. तिथूनच त्याने पंचायतीला पत्र लिहिले. सुटून आलेल्यांना सुतारीची हत्यारे द्यायला सरकारी निधी आला होता. 'हा आमच्या गावचा आहे,' एवढे पंचायतीने टपालाने थेट बीडच्या सरकारी कचेरीला कळवायचे होते. मार्चनंतर निधी परत जाणार होता.

"आज हत्यारं मागतेत, उद्या बंदूक मागतेल!" भगवानराव हसले. पत्र माझ्या पायाखाली गेले. माझे डुगडुगणे थांबले, याची मला अजून लाज वाटते.

या शहाण्यांना गावचाच तानाजी आठवला नाही. तोही असाच सुटून आला होता. कुणी काम दिले नाही. विहिरीवरची मोटार चोरून तो पुन्हा आत गेला. आता त्याला सरकारच पोसते, पण त्या खर्चावर एकही ग्रामसभा तापली नाही. माणूस कोंडायला तिजोरी उघडी, उभा करायला मात्र कुलूप!

मार्च सरायला चार दिवस उरले तेव्हा बजरंग स्वतः आला.

"जवाब न्हाई धाडला, सरपंच?"

"गुन्हे करायचे तुमी, अन् भरायचं सरकारनं? का म्हून रं?"

बजरंगची नजर माझ्यावर खिळली होती. "मागं रेलता वाटतं. पाय झिजलाय. उठा जरा. खाली बेलाचं पान हाय बघा."

त्याने मला उलटे केले. पान दिसले. पायाखालची घडीही दिसली, आणि तिच्यावर त्याचेच अक्षर.

उपसरपंच तुळजाबाईंनी ती उचलून वाचली. "भगवानराव, इतकी वरसं कैद्याच्या मेहनतीवर बसलात की! तवा न्हाई टोचलं?"

भगवानराव दुसरी खुर्ची ओढू लागले.

"बसू नका. आदी जवाब लिवा. हुबं राहूनच."

त्यांनी लिहिले. तोवर बजरंगने कचेरीच्या दारामागचा कोयता घेऊन एक ढलपी तासली आणि ती माझ्या झिजल्या पायाला ठोकली.

मित्रांनो, झिजलेल्या पायाला लाकूडच लागते, कागदाची घडी पुरत नाही. सुटून आलेल्या माणसाच्या हाती सरकारने खर्च करून हत्यार द्यावे. त्या खर्चाला नाक मुरडणाऱ्यांनी आपली खुर्ची एकदा उलटून पाहावी.

टपालपेटी पंचायतीच्या दारासमोरच आहे. तुळजाबाईंनी पाकीट स्वतः पेटीत टाकले. आत एकच ओळ होती: बजरंग आमच्या गावचा आहे.