लालीचा वैरी

कासार आंबोलीच्या भिकाजीच्या ढाबळीतली लाडकी कबुतरी, लाली, जानेवारीत भर सकाळी आभाळातून कुणीतरी उचलून नेली. भिकाजीला दिसली फक्त एक सावली आणि पत्र्यावर उतरलेली पिसं. त्या दिवशी तो जेवला नाही. संध्याकाळी मुलीला म्हणाला, "मोनिका, दुर्बीण मागव. आन पाखरांचं पुस्तक. वरीस सरायच्या आत मुळशीतला एकूण एक शिकारी पक्षी वळखनार मी. लालीला कुनी मारलं ते कळल्याबिगर सोडायचा न्हाई."

कंपनीतून निवृत्त झालेला माणूस, वेळच वेळ. पहिला संशय घारीवर. शेपटीला खाच असते ती घार, हे तो शिकला. पण ती चिकनवाल्याने टाकलेल्या आतड्यांवरच खूश. मग शिक्रा. तो जेमतेम पारव्याएवढा; लालीला घेऊन उडणं त्याच्या बापाला जमलं नसतं. कोळवणच्या खाचरांवर एका जागी फडफडणारी कापशी घार बघून भिकाजीच्या मुठी वळल्या, तर ती निघाली उंदरांवर जगणारी. रिह्याच्या रानात शीळ घालणाऱ्या सर्पगरुडालाही त्याने शिव्या घातल्या आणि पुस्तक वाचून परत घेतल्या.

"पप्पा, पाखरं बघताय का चोर पकडताय?" मोनिका हसायची.

"खुनी," तो म्हणायचा.

दिवाळी झाली आणि एका सकाळी कबुतरं हवेत असताना वरून काळा ठिपका दगडासारखा सुटला. कबुतरं पांगली, बचावली. शिकार हुकलेला पक्षी विजेच्या टॉवरवर जाऊन बसला. भिकाजीने दुर्बीण लावली. डोक्यावर काळी टोपी, गालावर मिशा, पोट तांबूस. शाहीन ससाणा.

"घावलास!"

त्याने माळ्यावरची गोफण काढली. "मारलात तर जेल होईल," मोनिका म्हणाली.

"होऊ दे."

दगड चुकला. ससाण्याने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही, पिसं साफ करत बसला. हे भिकाजीला लालीच्या मरणाइतकंच लागलं.

मग त्याने गोफण ठेवली आणि ससाण्याचं येणंजाणं पाठ केलं. ऊन वर आलं की तो ताम्हिणीकडून यायचा आणि शाळेची बस गेली की पिरंगुटकडे निघायचा. तोवर भिकाजी ढाबळीचं दार उघडायचाच नाही. आत कबुतरं घुमत असायची, टॉवरवर ससाणा वाट बघायचा, आणि पत्र्यावर उभा राहून भिकाजी ओरडायचा, "जा! आज बी उपाशी जा!"

"अवो, लोक काय म्हनतील?" इंदूबाई खालून बायकोच्या हक्काने चिडायची.

"लई माज व्हता त्याला. उतरवतोय."

डिसेंबर सरत आला आणि ससाणा यायचाच थांबला. त्याची वाट बघण्यात ढाबळीचं दार दुपारपर्यंत बंद राहू लागलं.

"सोडा की आता कबुतरं. मेला आसंल त्यो," इंदूबाई म्हणाली.

"मरतोय कसला! मला न इचारता?"

भिकाजीने गाडीला किक मारली ती थेट ताम्हिणी गाठली. कडे धुंडाळता धुंडाळता उन्हं कलली, तेव्हा कुठे तो दिसला. कपारीत बसून एक पारवा फाडत होता. भिकाजीने दुर्बिणीतून पिसं नीट पाहिली. आपलं कबूतर नव्हतं.

"उद्या ये," तो कड्याकडे तोंड करून ओरडला. "उद्या बी देनार न्हाई!"