निरोप्याला गप्प केलं तेव्हा

मित्रांनो, तुम्ही मला बघाल तर नाक मुरडाल. पाठीला भलंमोठं कुबड असलेला पडदा, पिवळी पडलेली पेटी आणि दोन बटणं निखळलेला कळफलक, असा मी एक जुनापुराणा संगणक. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, जारोच्या चर्चमागच्या गल्लीत, क्रिसांतो खलाशाच्या घरी जिन्याखाली मी पडलेला असतो. माझ्या पेटीवर हल्ली तांदळाचा डबा ठेवतात. ठेवू देत बापडे. ते गाऱ्हाणं घेऊन मी बसलेलो नाही.

माझा जन्म काही मोठ्या कारखान्यात झाला नाही. बाजारातल्या एका दुकानात इकडचेतिकडचे सुटे भाग जमवून मला जोडलं. पहिली वर्षं मी भाड्याच्या खेळघरात काढली. शाळा सुटली की पोरं यायची, माझ्यासमोर बसून राक्षस मारायची आणि हरली की थपडा मात्र मला. ते खेळघर बंद पडलं तेव्हा क्रिसांतोने मला घेतलं आणि तीनचाकीत मांडीवर बसवून घरी आणलं. वाटेत खड्डा आला की तो मला दोन्ही हातांनी घट्ट धरायचा. इतक्या मायेने मला कुणी कधी धरलं नव्हतं.

क्रिसांतो मालवाहू जहाजावर होता. त्याची बायको मागेच वारली होती. घरी त्याची म्हातारी आई लोला पासिंग आणि मुलगी जोवेलिन, अशा दोघीच. लोला म्हणजे आजी. तेव्हा माणसांच्या खिशातले फोन साधे, बटणांचे होते. भर समुद्रात त्यांचा उपयोग नसे आणि परदेशातून त्यावर बोलणं परवडत नसे. जहाज बंदराला लागलं की क्रिसांतो खलाशांच्या विश्रामघरात जायचा आणि तिथल्या संगणकावरून आम्हाला बोलवायचा.

हे बोलावणं यायचं निरोप्याकडून. लिहून, बोलून, एकमेकांची तोंडं बघून निरोप द्यायचं ते अ‍ॅप. त्याचं खरं नाव वेगळं होतं, मी आपला त्याला निरोप्या म्हणायचो. महा आगाऊ! मला सुरू करायचा अवकाश, माझे डोळे पुरते उघडायच्या आत हा टुणकन पुढे येऊन उभा. कुणी बोलावलं नाही, विचारलं नाही, तरी हजर. लोलाला मात्र त्याचं फार कौतुक. तिला माझ्यातलं दुसरं काही म्हणता काही येत नसे. पेटीवरचं गोल बटण दाबायचं, मग निरोप्या आपोआप येतो आणि निरोप्यातून मुलगा येतो, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

आमच्याकडे भेटीला आणि निरोपाला वडीलधाऱ्यांचा हात घेऊन कपाळाला लावतात. त्याला बिसा म्हणतात. समुद्रापलीकडचा हात कसा मिळायचा? तर लोला आपला हात झग्याला पुसून माझ्या काचेवर टेकवायची आणि तिकडे क्रिसांतो त्याच्या काचेला कपाळ लावायचा. म्हातारीचा हात गरम असायचा. नानय म्हणजे आई. निघताना तो लेकराच्या आवाजात म्हणायचा, "नानय, बिसा." त्याशिवाय त्याने कधी बोलणं संपवलं नाही.

पण एकदा बिनसलं. फेब्रुवारीच्या जत्रेला येईन, असा शब्द त्याने आईला दिला होता. ऐन वेळी जहाज कंपनीने त्याचा करार वाढवला आणि हे सांगायला तो समोर आला. लोलाचं डोकं फिरलं. ती म्हणाली की समुद्रच तुझी आई, तर तिच्याकडेच मागत जा आशीर्वाद. तो बिचारा काचेला कपाळ लावून थांबला. लोलाने हात मांडीवरून उचललाच नाही. त्याला मिळालेला वेळ संपला आणि तो तसाच दिसेनासा झाला.

राग किती टिकतो हो आईचा? संध्याकाळच्या भाताला बसेपर्यंतही टिकला नाही. जोवेलिनला घरचे इंदाय, म्हणजे पोरी, म्हणायचे. घास हातात धरून लोला तिला म्हणाली, "इंदाय, मी पोराला हात दिला नाही गं. आता तो आला की आधी हात देईन, मग बोलेन."

दुसऱ्या दिवसापासून तिने नेम धरला. जोवेलिन सकाळी कॉलेजला गेली की लोला मला सुरू करायची आणि समोर बसायची. तिला छातीचं दुखणं होतं, दोन पायऱ्या चढली तरी धाप लागायची. त्या दुखण्यानेच तिला घाई झाली होती, हे मला आज कळतं.

इकडे जोवेलिनचं वेगळंच चाललं होतं. दुपारपासून संध्याकाळपर्यंत ती माझ्यासमोर बसून कोरियातल्या मुलांना इंग्रजी शिकवायची. लोलाची औषधं त्याच कमाईतून यायची. शिकवणीची खिडकी वेगळी होती, पण निरोप्याला त्याचं काय? तो मध्येच मुसंडी मारायचा. आज मावसभाऊ, उद्या शाळेची मैत्रीण, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे दुबईची तिया देलिया. ही जोवेलिनची आत्या. तिकडे कामाला असलेली, जिवाला एकटी, जरा मोकळी झाली की हिला गाठायची. एकदा शिकवणी ऐन रंगात आली असताना डोक्याला कुरळे करायच्या नळ्या, तोंडाला पांढरा लेप, अशा अवतारात तिया देलिया पडदाभर उगवली आणि ओरडली, "इंदाय, भात खाल्लास का?" समोरचं कोरियन पोरगं खुर्चीवरून पडायचं बाकी राहिलं. मलाही हसू आवरेना. पण पोराच्या आईने तक्रार केली. शिकवणीच्या मुख्य बाईंनी जोवेलिनला बजावलं की पुन्हा असं झालं तर तुझी मुलं दुसरीला देऊ.

जोवेलिन रडकुंडीला आली. दर वेळी ती निरोप्याला बंद करायची, पण दुसऱ्या दिवशी मला सुरू केलं की स्वारी पुन्हा दारात. शेवटी तिच्या मैत्रिणीने फोनवर उपाय सांगितला. जोवेलिनने निरोप्याच्या आत शिरून 'संगणक सुरू होताच सुरू व्हा' या वाक्यापुढची खूण काढून टाकली. झालं. एका टिचकीत निरोप्या गप्प बसला. आता तिने स्वतः उघडल्याशिवाय तो येणार नव्हता.

वडिलांचा विचार तिने केला नव्हता असं नाही हं. जहाज आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून थेट युरोपात, रॉटरडॅमला कधी पोचणार, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिलेली होती. तोवर भर समुद्रातून हाक येणं शक्यच नव्हतं. त्या आठवड्यात ही खूण परत लावायची, असं तिने मनाशी ठरवलं. खलाशांच्या घरात जहाजाच्या तारखेवर देवासारखा विश्वास ठेवतात. लोला तेव्हा आत झोपली होती. तिला सांगावं असं जोवेलिनच्या मनातही आलं नाही.

सकाळी लोलाने बटण दाबलं. मी उठलो. निरोप्या आला नाही. माझ्या पडद्यावर क्रिसांतोचा पांढऱ्या गणवेशातला फोटो होता, तेवढा दिसत राहिला. लोलाला वाटलं, येईल. ती बसली. नंतर तिने हात झग्याला पुसला. रोज हेच. कधी कधी ती फोटोलाच काहीबाही सांगायची, की तुझ्या आवडीची फणसाची भाजी केली होती, शेजाऱ्यांची डुकरीण व्याली. माझं काळीज तुटायचं, पण मला कुठून वाचा फुटणार? जोवेलिन परतली की लोला विचारायची, तोतो आला होता का गं? तोतो म्हणजे बाळ, पन्नाशीच्या क्रिसांतोला ती अजून तेच म्हणायची. जोवेलिन म्हणायची की नाही लोला, जहाज अजून समुद्रात आहे. तिच्या समजुतीप्रमाणे ते खरंच होतं. म्हातारी माझ्यासमोर फोटो बघायला बसते, असं तिला वाटायचं.

आणि तिकडे जहाजाचं यंत्र बिघडलं होतं. दुरुस्तीसाठी ते मध्येच आफ्रिकेतल्या डर्बन बंदराला वळवलं होतं.

एका सकाळी बसल्या बसल्या लोला मला म्हणाली, अगदी हळू, "रुसलाय माझा तोतो. रुसू दे. मीच तशी वागले." मग तिने माझं बटण दाबून मला बंद केलं. त्या आठवड्यातच तिची छाती भरून आली. दवाखान्यातून ती परत आली ती शवपेटीतून.

घरात मयत असलं की आमच्याकडे आरसे झाकतात. माझ्या काळ्या पडद्यातही चेहरा दिसतो, म्हणून मलाही चादरीने झाकलं. त्या चादरीखालून मी सगळं ऐकत होतो, जपमाळेची प्रार्थना, मयताच्या जागरणाला पत्ते खेळणाऱ्यांचं बोलणं, कॉफीचे पेले. क्रिसांतोला जहाज कंपनीने बिनतारी निरोप धाडला, पण तोवर जहाज डर्बन सोडून समुद्रात गेलं होतं. तो घरी पोचला तेव्हा लोलाच्या थडग्यावरची मातीही सुकली होती.

माझ्यावरची चादर काढून तो माझ्याजवळच्या खुर्चीत बसला. मग म्हणाला, "डर्बनला मी रोज बोलवत होतो तुम्हाला. तुमच्या नावापुढचा दिवा एकदाही लागला नाही. मला वाटलं, नानयचा राग गेलाच नाही."

जोवेलिनचा चेहरा पांढराफटक पडला. मी डोळ्यांनी पाहिलं ते. तिला एका क्षणात सगळं उमगलं. तिने काही लपवलं नाही. खूण कशी काढली, कशासाठी काढली, सगळं सांगितलं. मग वडिलांना म्हणाली, "ती रोज बसायची, तातय. हात द्यायला बसायची."

क्रिसांतो पोरीवर रागावला नाही. तू काम करत होतीस, तुझं काय चुकलं, असं म्हणाला. मग तो उठून मागच्या अंगणात गेला. तिथे तो लहान मुलासारखा रडला. दोघांपैकी कुणीच पुन्हा माझ्यासमोर बसलं नाही. जोवेलिनने शिकवणीसाठी दुसरा संगणक आणला आणि मी जिन्याखाली आलो.

मित्रांनो, कामाच्या वेळी मध्ये मध्ये नाक खुपसणाऱ्याला खुशाल गप्प करा. तो निरोप्या होताच तसा, मी त्याची बाजू घेत नाही. पण तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस त्याच्या भरवशावर बसलेलं असेल, तर आधी त्याच्याजवळ जा, खाली बसा आणि सांगा. 'लोला, आता हा आपोआप येत नाही, तुला हवा असेल तेव्हा मला हाक मार.' एवढंच सांगायचं होतं. मला बोलता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना ते सांगायचं सुचलं नाही. मुलगा रुसला असं समजून माझी लोला गेली.