एकविसावं अक्षर

मंदाकिनी ओकला कुणी चिक्कू म्हटलं की बरंच वाटायचं. डोंबिवलीत कोपरला दोन खोल्यांत तिने चार माणसं, शिलाई मशीन आणि सासऱ्यांची पुस्तकं अशी काही बसवली होती की पाहुणे विचारत, "अगं, सामान ठेवतेस तरी कुठे?" हीच करामत तिने शहाऐंशी साली कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यात केली.

कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला, त्यात दहा मेगाबाइटची डिस्क. म्हणजे साधारण एक कोटी अक्षरं. ऐकायला भरपूर, पण अठराशे कामगारांची नावं, हजेरी, रजा आणि वर गोदामातला माल, एवढं सगळं त्यातच कोंबायचं होतं. बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञाने हात वर केले. मंदाकिनी तेव्हा चोवीस वर्षांची. तिने अक्षराअक्षराला कात्री लावली. साल चार आकड्यांचं कशाला, दोन पुरेत. त्या दोन आकड्यांनी पुढे काय घोळ घातला तो निराळा विषय. नावाला वीस अक्षरं. ती वीस कशी ठरली? तर तिने स्वतःचं नाव इंग्रजीत लिहून पाहिलं. मंदाकिनी आनंद ओक, मधल्या मोकळ्या जागा धरून एकोणीस. वर एक उरलं, म्हणजे सगळ्यांची सोय झाली. ज्यांचं आडनाव ओक, त्यांनी दुसऱ्यांच्या नावांची मापं काढू नयेत, पण हे तिला तेव्हा कोण सांगणार?

सगळं बसलं. संगणक विभागाचे प्रमुख हरिहर गुप्ते यांनी पेढे वाटले, आणि मंदाकिनी आठवडाभर हवेत होती.

नवी ओळखपत्रं छापून आली तेव्हा पॅकिंगमधल्या आवडाबाई तिच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. बाई कोलशेतच्याच कोळीवाड्यातल्या, आवाज खणखणीत.

"बाय, माजा नाव पुरा नाय. पोरगा वाचतो तं कोल म्हनतो."

आवडाबाई काळुराम कोळी. इंग्रजीत एकवीस अक्षरं. कोळीतला शेवटचा आय गळला होता.

"बसत नाही हो, आवडाबाई. एकच तर अक्षर गेलंय."

"तुजा गेला काय?"

पॅकिंगचा सुपरवायझर त्या दिवसापासून बाईंना 'कोल' म्हणून हाक मारायला लागला, आणि बाईंनी ती दहा वर्षं ऐकून घेतली.

शहाण्णव साली नवी डिस्क आली. एक गिगाबाइट. जुन्या शंभर डिस्क पोटात घालील आणि मावेल तळहातावर. मंदाकिनीने ती हातात धरली तेव्हा तिला उगाचच भरून आलं. एकतीस मार्चला आवडाबाई निवृत्त होणार होत्या. त्यांचं प्रमाणपत्र कॉम्प्युटरच छापणार, आणि गुप्त्यांना हाताने केलेली खाडाखोड चालत नसे. तेहतीस वर्षं नोकरी करून बाई 'कोल' म्हणून घरी जाणार, हे काही तिला सहन होईना.

तिने नावाची जागा विसाची साठ केली. यादी छापली. कोल तसाच, पुढे चाळीस कोरी घरं. जागा कितीही वाढली तरी जे कधी दिलंच नाही ते डिस्कला कुठून ठाऊक असणार? असे तुटके सहाशे निघाले. जुनी हजेरीबुकं केव्हाच रद्दीत गेली होती, आणि ती घाला म्हणून सांगणारी मंदाकिनीच.

गुप्ते म्हणाले, "त्या एका बाईचं दुरुस्त करा आणि सोडून द्या."

"मी कापलीयत, सर. मीच भरते."

रोज जेवणाच्या सुट्टीत ती वही घेऊन खात्याखात्यांतून फिरू लागली. पहिली गेली ती पॅकिंगमध्ये. आवडाबाईंनी नाव सांगितलं आणि विचारलं, "आता किती घरा हायेत?"

"साठ. तुमची एकवीस भरली."

"न बाकीची?"

"कोरी राहतील."

"कोरी कशाला? माजे आयेचा नाव घाल. रखमाबाई. बापूस लवकर गेला, तिनंच वारवला मना."

मंदाकिनीने लिहिलं.

एकतीस तारखेला सही करता करता गुप्त्यांचं पेन थांबलं. "यात आईचं नाव? हे नियमात बसतं का?"

"डिस्कवर बसतं, सर."

दहा वर्षांपूर्वी सगळं बसवलं तेव्हाही तिला स्वतःचा इतका अभिमान वाटला नव्हता. गुप्त्यांनी सही केली आणि ते नाव पॅकिंगसमोर, त्या सुपरवायझरच्या देखत, मोठ्याने वाचलं. "आवडाबाई रखमाबाई काळुराम कोळी."

बाईंना इंग्रजी येत नव्हतं. "यातली आये कंची?" त्यांनी विचारलं. मंदाकिनीने बोट ठेवून दाखवलं. बाईंनी आधी 'आवडाबाई'ची इंग्रजी अक्षरं मोजली, आठ भरली; मग आईच्या नावाची. पुन्हा एकदा मोजलं. आणि कागद छातीशी धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माजे आयेचा नाव माज्यापरीस एका अक्षरान मोटा हाय."