काका म्हणजे बापाचा भाऊ

दुभाष्याची नोकरी म्हणजे बोलणी दोन्हीकडून खायची आणि पगार एकीकडूनच घ्यायचा. सरहद्दीवरच्या प्रवेश कार्यालयात मी ती बरीच वर्षं करतोय. भिंतीवर देशाचं धोरण हातभर अक्षरांत लिहिलंय: 'दार उघडं, नजर सावध'. दार उघडल्याची भाषणं मंत्री करतात. नजर ठेवायचं काम आमच्या मॅडमकडे.

मॅडम वाईट बाई नाहीत. हे आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला राग काढायला सोपी जागा मिळणार नाही. मध्यंतरी एका सभ्य दिसणाऱ्या माणसाला त्यांनी मुलासकट आत सोडलं. मूल त्याचं नव्हतं. ते पुढे कुठल्या अवस्थेत सापडलं हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि उठून तोंड धुऊन आल्या. तेव्हापासून मुलांना त्या वेगळं बसवून विचारतात.

त्या दिवशी आमच्या भाषेचा एक वेल्डर आला. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. घर, कागद आणि बायको, तिन्ही एकाच आगीत गेलेली. हातात कसब होतं आणि या देशाला वेल्डर हवेच होते. मॅडमनी त्याचा अर्ज जवळजवळ मंजूर करून टाकला होता. उरली फक्त मुलगी.

तिला आतल्या खोलीत बसवलं. मॅडमनी गोड आवाजात विचारलं, मी त्याहून गोड करून सांगितलं.

"तुला इथे कुणी आणलं गं?"

"काकांनी."

"आणि बाबा कुठे आहेत?"

"बाबा दादाचे आहेत," ती पाय हलवत म्हणाली. "मला काका आहेत."

अशी घरं मला माहीत आहेत. तरी शब्दाला शब्द द्यायचा हा नियम, म्हणून सांगितलं: काका म्हणजे बापाचा भाऊ. वर जोडलं, "मॅडम, एकत्र कुटुंबात कधीकधी सख्ख्या बापालाही..."

"तुम्ही त्यांच्या घरी गेला होतात?"

"नाही."

"मग शब्द द्या. मत नको."

वेल्डरला विचारलं तेव्हा तो चक्क हसला. "अहो साहेब, चार भावांत मी शेंडेफळ. घरभर पुतणे, थोरल्याला त्याचा मुलगा बाबा म्हणायचा, मला मात्र सगळे काका म्हणायचे. हिनं तेच उचललं. बायको किती रागवायची, पण ही कसली ऐकते!"

मॅडमनी ऐकून घेतलं. घाईत निर्णय देणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. रक्त तपासायचं तर आधी दावा विश्वासार्ह वाटला पाहिजे, असा नियम. आणि मूल म्हणतंय काका. "पुन्हा एकदा विचारू," त्या म्हणाल्या. एवढी संधी दुसऱ्या कुणी दिली नसती.

मुलीला पाणी प्यायला बाहेर आणलं, तेव्हा बाकावरून उठून वेल्डर तिच्यापुढे उकिडवा बसला. तिच्या बुटाची नाडी बांधता बांधता कानात काहीतरी बोलला. तिनं मान डोलावली. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, सुटलास गड्या.

पुन्हा आतली खोली.

"बाहेर बसलेत ते तुझे कोण?"

"बाबा," मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली.

या शब्दाचं भाषांतर करावं लागत नाही. मॅडम हसल्या. माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी शिक्क्याकडे हात नेला आणि थांबल्या.

"मघाशी तू काका म्हणालीस. आता बाबा म्हणायला कुणी सांगितलं?"

एवढंच एक वाक्य चुकीचं सांगितलं असतं तर? पण शेजारी टेप चालू होता आणि वरच्या मजल्यावर दुसरा दुभाष्या ते ऐकत होता. मी बरोबर सांगितलं.

पोरीला खोटं बोलायचं नाही असं घरी शिकवलेलं असणार. बापानंच शिकवलेलं. ती शहाण्यासारखी म्हणाली, "काकांनी."

मॅडमनी डोळे मिटले. त्यांना कुणाला तरी वाचवल्यासारखं वाटत होतं, ते मला दिसत होतं. त्यांचा गळा धरावासा वाटला आणि त्यांची कीवही आली.

निकाल तासाभरात आला. मुलीला प्रवेश मंजूर, बालगृहात सोय. मुलीला पढवून नातं खोटं सांगितल्याबद्दल माणूस परत. पुन्हा अर्ज करायला बंदी. शेवटी दार उघडं राहिलं आणि नजरही सावध राहिली. वरिष्ठांनी मॅडमची पाठ थोपटली.

मी वेल्डरला वाचून दाखवलं. त्याचं तोंड एकदम म्हाताऱ्यासारखं झालं. मला वाटलं आरडाओरडा करेल. तो म्हणाला, "तिला कुणी रागवू नका, साहेब. मीच सांगितलं होतं तसं म्हण म्हणून." मग पहारेकऱ्यानं दंड धरला तसा खाली मान घालून निघाला.

हॉल गच्च भरलेला होता. पोरं रडत होती, नावं पुकारली जात होती. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि मुलगी धावत बाहेर आली. तिला वाटलं असेल, सांगितलेला शब्द आपण नीट म्हटला नाही, म्हणून हे झालं. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "बाबा! बाबा!"

बाकांवरच्या कितीतरी बापांनी माना वळवल्या. तो चालत राहिला. हाक आपल्याला आहे हे त्याला कळलंच नाही.