क्रमांक तीनचा सूर

दिनांक १७ नोव्हेंबर २०२३, शुक्रवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. चिखलीत सईदच्या दुरुस्तीच्या दुकानात तीन जुने इलेक्ट्रिक ऑर्गन मांडून ठेवलेले होते. प्रत्येकाच्या एकसष्ट, म्हणजे एकूण एकशे त्र्याऐंशी पट्ट्या. मागच्या दोन फेऱ्यांत नीळकंठरावांनी त्यांतली प्रत्येक पट्टी स्वतः दाबून, सूर मोजण्याच्या यंत्रावर तपासून वहीत नोंदवली होती. आज तिसरी फेरी. लोणारहून मेहकरपर्यंत एक एसटी, तिथून दुसरी. शकुंतलाबाई आज प्रथमच सोबत आल्या होत्या आणि स्टँडवर उतरताच म्हणाल्या होत्या, "अहो, तुम्हीच ठरवून टाका ना. मला काय कळतं त्या मशीनमधलं?"

नीळकंठराव विद्युत अभियांत्रिकीचे पदविकाधारक. तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे शिकवून निवृत्त झालेले. मोजल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. शकुंतलाबाई शाळेत गाणे शिकवत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली, त्याच हिवाळ्यात डावा खांदा आखडला, आणि त्यांची पेटी जी मिटली ती मिटलीच. "भाता मारताना खांदा भरून येतो," एवढेच त्या म्हणाल्या. नीळकंठरावांनी ते कारण धरले आणि उपाय काढला: भाता नको, वीज हवी. नातीचा, इराचा, नवा कीबोर्ड शकुंतलाबाईंनी एकदा वाजवून पाहिला होता. खेळणे वाटते म्हणून बाजूला सारला होता. पेटीसारखा भरीव आवाज या जुन्या ऑर्गनमध्ये होता, आणि अठरा हजारांच्या आत बसतील असे साऱ्या जिल्ह्यात त्यांना तीनच सापडले. घरातले गाणे मुके राहू नये, एवढ्यासाठी ही सारी पायपीट.

"सर, तिसऱ्या खेपेले येऊन राह्यले तुमी," सईद हातातली सोल्डरिंगची डाखणी तापत ठेवत म्हणाला. "इतक्यात तर पोरीचं लग्न जमलं असतं."

"लग्नात पोरगी परत करता येत नाही. इथेही तेच आहे."

"बाई, तुमाले पन असंच मार्क देऊन पसंत केलं होतं का सरांनी?"

"वही लपवून ठेवली असेल, सईदभाऊ," शकुंतलाबाई म्हणाल्या. त्या हसल्या, पण दमून.

नीळकंठरावांनी वही उघडली. सुराला तीस गुण, बाकीचे सत्तर पट्ट्यांची हालचाल, वीज, सुटे भाग आणि एकंदर अवस्था यांत वाटलेले. क्रमांक एक, १९७४चा जपानी: बहात्तर. क्रमांक दोन, इटालियन: पासष्ट. क्रमांक तीनला सुराच्या रकान्यात शून्य.

"तो तीन नंबर बँडवाल्याचा होता," सईदने सांगितले. "त्याचा गाणारा म्हातारा झाला, वर जाईना. मंग अख्खा ऑर्गनच तीन पट्ट्या खाली उतरवून घेतला. काळी चार दाबा, पांढरी चार वाजते. मी आज वर आनून देतो, तासाभराचं काम हाय. पन पावणेएकले मले नमाजले जायचं हाय, तवर ठरवा."

शकुंतलाबाई आधी क्रमांक एकपाशी उभ्या राहिल्या. चाळीस वर्षे त्या काळी चारमधूनच गात आणि शिकवत आल्या होत्या. बोटे न पाहता त्या पट्टीवर गेली. आवाज स्वच्छ, नेमका. वर्गात मुलींकडून घोटून घेत तो पलटा त्यांनी वाजवला.

"गा ना," नीळकंठराव म्हणाले.

"घसा कोरडा पडलाय प्रवासानं."

क्रमांक दोनपाशीही तेच. पाणी पिऊन झाले, तरी घसा कोरडाच. नीळकंठरावांना एकाएकी फार थकवा आला. इतके मोजून, इतके फिरून शेवटी ही अशी उभी आहे, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरी ऑर्गन जाणार आहे.

"एक नंबर बांधून दे," ते सईदला म्हणाले.

दुकानात स्टूल एकच होते, तेही क्रमांक तीनच्या पुढे. शकुंतलाबाई त्यावर टेकल्या, पाय मोकळे केले आणि हात कुठे तरी ठेवायचा म्हणून पट्ट्यांवर ठेवला. काळी चार दाबली गेली. सूर खालचा निघाला. त्यांनी मान वर केली. मग ओठ मिटूनच त्या सुरात त्यांनी गुणगुणून पाहिले, आणि हळूहळू तोंड उघडून सा लावला. जाडसर, खरखरीत, पण लागला. बोटांनी तोच पलटा धरला आणि गळा त्यांच्या मागून शेवटपर्यंत गेला.

सईद डाखणी घेऊन पुढे आला. "उठा बाई, याचा सूर वर आनतो. बांधायच्या आधी एक नंबरसंग ताडून पाहा."

"हात लावू नका त्याला!" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या, की सईद दोन पावले मागे सरला.

"खांदा?" नीळकंठरावांनी विचारले.

"खांदा दुखतोच हो. पण पेटी त्यानं नाही मिटली. ऑपरेशननंतर काळी चारला सा लागेना. खालच्या पट्टीत गायचं तर वेगळ्या पट्ट्यांवर बोटं नवशिक्या पोरीसारखी अडखळतात. शिकवणाऱ्या बाईनं हे सांगायचं कुणाला? आणि तुम्ही इतकं मन लावून वही करत होतात..."

नीळकंठरावांनी हातातल्या वहीकडे पाहिले. वहीत पट्ट्यांचा रकाना होता, विजेचा होता, सुट्या भागांचा होता. गाणारीचा नव्हता. दोन वर्षे ही शेजारच्या खोलीत गप्प होती, आणि त्यांनी तिचा खांदा तेवढा मोजला होता.

"मंग कोनता बांधू, सर? मले उशीर होऊन राह्यला."

"तीन नंबर. जसा आहे तसा."

"त्याले तर तुमी शून्य देलं!"

"दिलं आहे. खोडणार नाही." त्यांनी पेन काढले, क्रमांक तीनच्या रकान्याखाली दोन रेघा ओढल्या, आणि त्यांच्या खाली एकच ओळ लिहिली.

खरेदी: क्रमांक तीन. एकूण गुण: शंभरपैकी एकेचाळीस.