बाळकुमचा न फुटलेला नारळ

मी एक जुना नारळ आहे, मित्रांनो. जुना म्हणजे किती, तर माझ्या झाडावरच्या भावंडांच्या करंज्या खाताना ज्यांचे दुधाचे दात पडत होते, ती पोरं आज स्वतःच्या पोरांना शाळेत सोडायला जातात. एवढं आयुष्य नारळाला लाभत नाही. लग्न असो, दुकान असो की नवी रिक्षा, पहिला घाव आमच्या डोक्यावर ठरलेला. मी मात्र अजून अख्खा आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा गर्वही आहे.

माझा जन्म अलिबागकडच्या एका वाडीतला. तिथून टेम्पोने ठाण्याच्या बाजारात आलो आणि ढिगात पडून राहिलो. बाळकुमचा नामा कोळी तिथे आला. खाडीत मासेमारी करणारा, नुकतं लग्न झालेला उमदा गडी. त्याने एकेक नारळ उचलावा, नखाने टिचकावा, कानाशी धरावा आणि नाक मुरडून परत ठेवावा. दुकानदार पार वैतागला. शेवटी माझी पाळी आली आणि नामाचा चेहरा खुलला. "यो पैलवान हाय," तो म्हणाला. शेजारी पिशवी घेऊन उभी असलेली त्याची बायको शेवंती लगेच बोलली, "मना बघायला आलेला तवा येवढा येळ नाय लावला!"

एवढी पारख कशासाठी, ते सांगतो. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात नारळ लढवतात. एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर घाव घालायचा. ज्याचा फुटला तो हरला, आणि हरलेल्याचा नारळीभात होतो. त्याच दिवशी एक सोनेरी कागदातला नारळ वाजतगाजत खाडीला अर्पण करतात. त्याचा मान मोठा, मला कबूल आहे. पण तो बिचारा एका संध्याकाळचा पाहुणा. मी मात्र वर्षामागून वर्ष लढत होतो.

पहिल्याच वर्षी मी नामाच्या थोरल्या भावाचा, दामाजीचा नारळ फोडला. दामाजी म्हणजे आडदांड माणूस, आवाज असा की पलीकडच्या काठावरचे बगळे उडावेत. मला वाटलं, आता हा भडकणार. पण त्याने नामाला उचलून खांद्यावर घेतलं आणि सगळ्या आळीतून नाचवलं. धाकट्या भावावर त्याचा फार जीव. दोघांची होडीही एकच. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला दामाजीचा राग येईल.

इतके मार खाऊन आणि फळीवर वाळून वाळून माझ्या आतलं खोबरं हळूहळू करवंटीपासून सुटलं. मला हलवलं की आत खुळखुळ वाजायचं. बाहेरून मात्र ओरखडा नव्हता.

मग ती गोकुळाष्टमी आली. सत्त्याऐंशी साल असावं. नारळी पौर्णिमेनंतर आठवड्याभराने दहीहंडी असते. बाळकुमची पोरं ट्रकमधून टेंभी नाक्याला गेली. नामा वरून तिसऱ्या थरात होता. थर कोसळला आणि त्याचं डोकं रस्त्यावर आपटलं. मी घरी फळीवर होतो, पण संध्याकाळी पोरांनी हसत हसत सांगितलं ते ऐकलं. नामा उठला होता, कपडे झटकले होते, चहासुद्धा प्यायला होता. आई दगडाबाईने त्याचं डोकं चाचपून पाहिलं. "रगत नाय, काय नाय," ती म्हणाली. जेवणाआधी त्याला दोनदा उलटी झाली. "दमलाय पोर, झोपू दे," असं म्हणून तिने त्याच्यावर गोधडी घातली. मायेनेच घातली हो. कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

उठला तो नामा वेगळा होता. तोच चेहरा, तेच हसू, पण जाळ्याची गाठ मारता मारता मध्येच हात थांबायचा. बोलताना शब्द सापडेना. भांडं पडलं तरी कानांवर हात घेऊन ओरडायचा. होडीत उभा राहिला की तोल जायचा. एकदा त्याच्या हातून जाळं सुटलं आणि खाडीत वाहून गेलं. दामाजी बंदरावर सगळ्यांसमोर गरजला, "दारू पितो तो! सरळ चालाया येत नाय त्याला! बेवडा जालाय माझा भाऊस!" आणि त्याने नामाला होडीतून उतरवलं.

नामाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पण थोरल्या भावानेच म्हटलं म्हटल्यावर बाकीच्यांना काय? पोरंसुद्धा मागून झिंगल्यासारखी चालायला लागली. शेवंती बाजारात मासळी विकायला बसायची, तिथेही कुजबुज पोचली. शेवटी ती नामाला ठाण्याच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथे नीला डॉक्टर भेटल्या. त्यांनी तपासण्या केल्या, सगळं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, की मेंदूला मार बसला आहे. हळूहळू सुधारेल, पण पूर्वीसारखं सगळं होईलच असं नाही.

"बाई, सुधरल तवा सुधरल," शेवंती म्हणाली. "माझ्या मोठ्या दिरांनी आमच्या ह्यांना चारचौघांत बेवडा बोललंय. तसंच चारचौघांत बोलू दे, का माझा भाऊस बेवडा नाय. मना येवढाच पायजे."

नीला डॉक्टर घरी येऊन दामाजीशी बोलल्या. दामाजीने हात जोडले आणि म्हणाला, "डॉक्टरीणबाई, डोक्याला मार लागला असता तर डोका फुटला असता का नसता?" सगळ्या कोळीवाड्याचं हेच मत होतं.

तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं, की एकट्या दामाजीला नाही, सगळ्या वस्तीलाच समजावायचं. मदतीला शाळेतले श्रीपाद सर आले. सर उत्साही माणूस. त्यांनी शाळेचा वर्ग मिळवला, कापडी फलक रंगवला, मेंदूची मोठी रंगीत चित्रं आणली आणि रविवारची दुपार ठरवली. रविवारी सगळे मोकळे असतात, असा त्यांचा हिशोब! मित्रांनो, रविवार म्हणजे मासळीचा सगळ्यात मोठा बाजार. बाया ठाण्यात, पुरुष भरतीबरोबर खाडीत. वर्गात आली फक्त दगडाबाई आणि बिस्किटांच्या आशेने चार पोरं. दगडाबाईने मेंदूचं चित्र बराच वेळ निरखलं आणि विचारलं, "मटणवाल्याकडं मिलतो तो भेजा ना यो?" आणि बसल्या जागी तिला झोप लागली.

पुढच्या वर्षीची नारळी पौर्णिमा जवळ आली तेव्हा दुसरी बैठक नामाच्याच ओट्यावर बसली. डॉक्टर, सर, शेवंती आणि कोपऱ्यात नामा. मी नामाच्या मांडीवर होतो. हल्ली तो मला तासन् तास हातात धरून बसायचा. सर म्हणत होते, प्रमुख पाहुणे बोलावू. डॉक्टर म्हणत होत्या, पाहुणे नकोत, दहीहंडीच्या आत काहीतरी व्हायला हवं, नाहीतर यंदा आणखी कुणीतरी पडेल आणि त्यालाही गोधडी घालून झोपवतील. शेवंती म्हणाली, पौर्णिमेला सगळे बंदरावर असतात, तेव्हाच घ्या. एवढं ठरलं. पण सांगायचं कसं? चित्रं तर भेजा ठरली होती. बोलणं तिथेच अडलं आणि त्या शांततेत माझी खुळखुळ ऐकू आली.

"काय वाजतंय ते?" डॉक्टरांनी विचारलं.

नामाला शब्द सापडायला वेळ लागला. कुणी घाई केली नाही. "माझा पैलवान," तो म्हणाला. "लय मार खाल्ला. फुटला नाय. पन आत... आत सुटलाय." मग त्याने आपल्या डोक्याला हात लावला आणि डॉक्टरांकडे पाहून हसला.

शेवंतीने पदर डोळ्यांना लावला. सरांनी चित्रांची गुंडाळी हळूच पाठीमागे सरकवली. आणि मी? माझ्या खुळखुळण्याची मला तोवर लाजच वाटत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की वाजलो ते बरं झालं.

पौर्णिमेला बंदरावर लढती संपल्या आणि नीला डॉक्टर भाषण न करता मला घेऊन उभ्या राहिल्या. "हा नामाभाऊंचा नारळ. कुठे फुटलाय, शोधा," एवढंच म्हणाल्या. मी हातोहात फिरलो. प्रत्येकाने मला उलटंसुलटं केलं, हलवलं, कानाशी लावलं. डॉक्टर म्हणाल्या, "माणसाचा मेंदू असा सुटून वाजत नाही, हे आधीच सांगते. पण कवटी शाबूत राहून आत मार बसतो, तो असा. वरून दिसत नाही." दगडाबाईने मला कानाशी धरलं ते सोडेचना. "उलटी जाली होती त्याला," ती पुटपुटली. "मी झोपवला." डॉक्टरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, की डोकं आपटल्यावर उलटी झाली, गुंगी आली, बोलणं अडखळलं, तर रक्ताची वाट बघायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

सगळ्यात शेवटी मी दामाजीच्या हातात आलो. त्याने एकदा हलवलं, पुन्हा हलवलं. "फोडून दाखवा," तो म्हणाला. "आत काय जालंय ता बघू दे."

"माणसाचं डोकं फोडून बघता येत नाही, दामाजीभाऊ," डॉक्टर म्हणाल्या. "तिथे आपल्या माणसाच्या बोलण्यावर विश्वासच ठेवावा लागतो."

दामाजीने मला नामाच्या मांडीवर ठेवलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो ओट्यासमोर उभा राहिला. "नाम्या, चल. काम नको करू. नुसता बस होडीत," म्हणाला. नामा गेला. शेवंती दारात उभी राहून दोघांकडे बघत होती. तिला आनंद झाला, पण मी तिला ओळखतो. तिला जे हवं होतं ते अजून तिला मिळालं नव्हतं.

पुढे माझे सुगीचे दिवस आले. नीला डॉक्टर मला पिशवीत घालून कळव्याला, कल्याणला, डोंबिवलीला नेऊ लागल्या. गोविंदा पथकं, शाळा, रिक्षा स्टँड, गणपतीचे मांडव. माझं कौतुक व्हायचं, हार घातले जायचे. एकदा कल्याणला एका उत्साही कार्यकर्त्याने उद्घाटनाचा नारळ समजून मला दगडावर आपटायला उचललं, तेव्हा सरांनी धावत येऊन त्याचा हात धरला. हल्ली मला कुणी नेत नाही. आता चित्रफिती आहेत, पडदे आहेत. मी दवाखान्याच्या कपाटात जुन्या पत्रकांमागे असतो. तक्रार नाही, पण दार उघडलं की वाटतं, आपल्यालाच न्यायला आलंय कुणीतरी.

तुम्हाला जे सांगायचं ते इथेच सांगून घेतो, कारण पुढचा प्रसंग सांगून झाल्यावर मला बोलणं जमत नाही. मित्रांनो, खेळताना, सायकलवरून पडताना कुणाचं डोकं आपटलं, तर रक्त नाही म्हणून हसून सोडून देऊ नका. मोठ्या माणसाला सांगा, दवाखान्यात न्यायला लावा. आणि असा मार बसलेला कुणी तुमच्या घरात, वर्गात, आळीत असेल, त्याला शब्द सापडत नसतील, आवाज सोसत नसेल, तर त्याच्यासाठी थोडं थांबा. त्याची नक्कल करू नका.

तर तो प्रसंग. नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती. डोंबिवलीत एका सोसायटीच्या सभागृहात कार्यक्रम होता. दामाजी तोवर आमच्याबरोबर यायला लागला होता, पण फक्त सामान उचलायला. कधी एक शब्द बोलला नव्हता. त्या दिवशी डॉक्टरांचा घसा बसला होता आणि सरांचा पत्ता नव्हता. डॉक्टरांनी मला त्याच्या हातात दिलं आणि खुणेने सांगितलं, तुम्हीच बोला.

त्याच्या तळहाताला घाम सुटला होता. तिसऱ्या रांगेत नामा आणि शेवंती बसले होते. त्याने मला माईकसमोर हलवलं. मग पुन्हा हलवलं, आणि पुन्हा. लोक चुळबुळ करायला लागले.

"यो माझ्या भावाचा नारळ," तो म्हणाला. "माझा भाऊस डोक्यावर पडला. रगत नाय आला. मी त्याला बेवडा बोललो. साऱ्या गावासमोर बोललो." त्याने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. "माझा भाऊस बेवडा नव्हता. कधीच नव्हता."

नेमका माईक किंचाळला. नामाने दोन्ही हातांनी कान गच्च दाबून घेतले आणि डोळे मिटले. त्याला काही ऐकू गेलंच नाही.

शेवंती उठून उभी राहिली. एवढ्या परक्या लोकांत, पदर सावरत. "भावजी," ती म्हणाली, "परत बोला. ह्यांनी ऐकला नाय."

दामाजीने माईक बाजूला सारला, रांगांमधून चालत नामासमोर आला, त्याच्या पुढ्यात खाली बसला आणि हळू आवाजात परत बोलला.