विसर्ग : दोन ठिपके

आत्याच्या डुक्कर फार्मच्या पंपाला शेवटी सील लागलं. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आत्ता सकाळचे अकरा वाजलेत, कल्याणहून आलेले प्रदूषण तपासणीचे साहेब शेडपाशी उभे आहेत आणि सगळं ठीक आहे.

खरंच ठीक होतं. बेचाळीस डुकरांची घाण मालन आत्या फावड्याने उचलून भुशात कुजवते. मूत आणि धुण्याचं पाणी बंद टाकीत जातं, तिथून रोज पंपाने हत्तीगवताला. मागच्या नाल्यात थेंब जात नाही. पण फार्म गेला तर आत्याकडे दुसरं काही नाही, म्हणून ती साहेबांच्या पेनाकडे बघत होती.

"दुसरा पाइप दाखवा," साहेब म्हणाले.

"दुसरा कसला? इथं पहिलाच नाही," आत्या म्हणाली.

साहेबांनी फॉर्म पुढे धरला. 'विसर्ग : किती व कोठे?' या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं : 'दोन ठिपके. अक्षराच्या उजवीकडे, एकाखाली एक.'

फॉर्म मी भरलेला. मला वाटलं, व्याकरण तपासतायत. हल्ली काहीही विचारतात.

"विसर्ग म्हणजे बाहेर सोडलेलं सांडपाणी," साहेब शांतपणे म्हणाले. "तुम्ही दोन जागा कबूल केल्यात. उजवीकडे, एकाखाली एक."

"सुदेश," आत्या हळूच म्हणाली, "किती शिकलास रे तू?"

"बी.ए. मराठी."

"तरीच."

साहेब उजव्या भिंतीकडे गेले आणि काठीने चिखल टोचू लागले. तासभर. आत्या मागे मागे. एकदा काठी कशावर तरी अडली. आत्याने माझा दंड धरला. साहेबांनी खाली वाकून उकरलं. दगड निघाला. मी म्हटलं, सुटलो.

"सापडत नाही, म्हणजे नीट लपवलाय," साहेब म्हणाले. आणि पाणी बाहेर फेकणारं यंत्र हे एकच दिसलं म्हणून चौकशी होईपर्यंत पंपाला सील ठोकलं.

आत्याने टाकीत बांबू बुडवून बघितला. वर वीतभर जागा उरलेली.

"परवा भरंल ही, साहेब. मग सगळं नाल्यातच जाणार. तुम्हीच घालवताय."

"अर्ज करा."

मी लिहायला बसलो. या वेळी आत्या खांद्यावरून अक्षर न् अक्षर वाचत होती.

'महोदय, पंप सीलबंद असल्याने टाकी परवा भरून नाल्यात वाहू लागेल. तरी चौकशी पूर्ण होईपर्यंत सदर फार्ममधील बेचाळीस डुकरांनी मलमूत्रत्याग स्थगित ठेवावा, असा आदेश आपल्या सही-शिक्क्यानिशी प्रत्येक डुकरास स्वतंत्रपणे बजावण्यात यावा, ही नम्र विनंती.'